उलटा हात

१

रविवारी सकाळी काका बॉनेट उघडतो आणि मी वही घेऊन शेजारी उभी राहते. पूर्वी बॉनेट बाबा उघडायचे आणि मी टॉर्च धरायचे. टॉर्च धरणं वाटतं तितकं सोपं नसतं. बाबा म्हणायचे, "मी बघतोय तिथं उजेड पाहिजे. तू बघतेयस तिथं नको." त्यामुळे मला त्यांची नजर कुठं चाललीय ते बघायची सवय लागली. ती अजून गेलेली नाही. मी बोलते कमी आणि बघते जास्त. काका मला मुकी म्हणतो, पण लाडानं.

आमचं गॅरेज घराला लागूनच आहे. स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून तीन पायऱ्या उतरलं की ऑइलचा वास सुरू होतो. बाबांचा निळा डगला अजून खिळ्यालाच आहे. समोरच्या भिंतीवर त्यांनी प्रत्येक पान्याभोवती पांढऱ्या रंगानं रेघ काढून ठेवलीय, म्हणजे कुठला पाना कुठं परत लावायचा ते कळावं. चौदा नंबरचा पाना हरवलाय. त्याच्या जागी नुसती रेघ आहे. आणि गंमत म्हणजे भिंतीकडं बघितलं की सगळ्यात आधी तोच पाना दिसतो.

त्या रविवारी बॉनेटखाली आमचीच गाडी होती.

"जगातल्या गाड्या तापतात म्हणून लोक रडत येतात," काका म्हणाला, "आणि आपली म्हातारी तापत नाही म्हणून आपण रडायचं. सासू तापट नाही अशी तक्रार ऐकलीयस कधी?"

पायरीवरून आई म्हणाली, "माझ्या सासूबाई तुमच्या आई होत्या, भाऊजी. जपून."

"म्हणून तर अनुभवाचे बोल आहेत, वहिनी."

आई हसली. गाडीचा विषय निघाला की ती हसायची, हे मी वहीत नाही, पण मनात नोंदवून ठेवलं होतं.

२

इंजिन थंड चालणं हे ऐकायला बरं वाटतं, पण तो आजार आहे. गाडी सुरू करून दहा मिनिटं झाली की तापमानाचा काटा मधोमध यायला हवा. आमचा काटा सगळ्यात खालच्या रेघेवर आडवा पडून असायचा. असं इंजिन पेट्रोल जास्त पितं, आतलं तेल घाण होतं, आणि भाग लवकर झिजतात. काका म्हणाला होता, "वर्षभर अशीच चालली तर इंजिन बसलं समज." आणि आई रोज त्याच गाडीनं टेकडीपलीकडच्या चष्म्याच्या दुकानात कामाला जाते. गाडी विकायची नाही, हे तिनं एकदाच सांगितलं होतं. काकानं पुन्हा विचारलं नाही.

बाबांची एक पद्धत होती. गरम पाइप तपासायचा तर हात उलटा लावायचा, बोटांच्या पेरांचा. "तळवा कामानं निबर झालेला असतो," ते सांगायचे. "त्याला कळेपर्यंत उशीर होतो. शिवाय तळवा दिसेल ते धरतो. तळवा घेतो, उलटा हात विचारतो. इंजिनाला आधी विचारायचं."

मला बरं नसलं की ते कपाळालाही तसाच हात लावायचे. चार पेरं, एका ओळीत, पेट्रोलच्या वासाची. आई म्हणायची, "अहो, पोरगी आहे ती, रेडिएटर नाही." ते म्हणायचे, "दोघींनाही सांगता येत नाही काय होतंय ते."

३

थंड चालणाऱ्या इंजिनात पहिला संशय थर्मोस्टॅटवर घेतात. ती एक छोटी झडप असते. इंजिन गार असताना ती मिटून पाणी आतच फिरवते, आणि इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडं सोडते. ती उघडीच अडकली तर पाणी सारखं रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन कधी तापतच नाही.

काकानं दोन बोल्ट काढून झडप बाहेर काढली आणि सुतळीला बांधून गॅसवर पाण्यात सोडली. मी तापमापक धरला.

"हे दुधाचं पातेलं आहे!" आई दारातून ओरडली.

"आता होतं म्हणा."

ऐंशीला झडप मिटलेली होती. ब्याऐंशीला ती शिंपल्यासारखी उघडायला लागली. गार पाण्यात टाकल्यावर पुन्हा घट्ट मिटली. म्हणजे ठणठणीत होती. तरी काकानं नवी बसवली. काटा तिथंच. मग सेन्सर बदलला, काट्याची वायर तपासली. शेवटी त्यानं टेम्परेचर गन आणली. ती पिस्तुलासारखी असते. एखाद्या वस्तूवर धरून चाप दाबला की वस्तूचं तापमान आकड्यात दिसतं. अर्धा तास सुरू असलेल्या इंजिनावर ती म्हणाली, एक्कावन्न.

"काटा खोटं बोलत नाहीये तर," काका म्हणाला. मग त्यानं गन रेडिएटरवर धरली, आणि चाप पुन्हा पुन्हा दाबून बघितला.

"किती?" मी विचारलं.

"चोवीस."

मला त्यातलं विचित्र काय ते कळायला थोडा वेळ लागला. इंजिनातली उष्णता रेडिएटरमधून बाहेर पडत असती, तर रेडिएटर गरम लागायला हवा होता. तो गॅरेजच्या हवेइतकाच गार होता.

"उष्णता हरवत नसते," काका स्वतःशीच म्हणाला. हे वाक्यही बाबांचंच. "ती कुणाकडे तरी जाते."

'कुठेतरी' म्हणायच्या जागी बाबा नेहमी 'कुणाकडे तरी' म्हणायचे. काकाच्या तोंडून तो शब्द मला पहिल्यांदाच खटकला.

४

दुपारी काका जेवून आडवा झाला. मी गन घेऊन खेळत होते. भिंत बावीस. माझा बूट पंचवीस. बाबांचा डगला बावीस. गाडीचं दार उघडून मी आत धरली. स्टिअरिंग तेवीस, चालकाची सीट तेवीस.

चालकाशेजारची सीट छत्तीस पूर्णांक आठ.

मी चाप सोडला आणि परत दाबला. छत्तीस पूर्णांक आठ.

मी एकेक शक्यता खोडत गेले. ऊन असेल, पण गॅरेजात ऊन येत नाही. मांजर बसलं असेल, पण काचा वर होत्या आणि दारं बंद. हीटर चालू राहिला असेल, पण बटण बंद होतं आणि हीटरची जाळीही बावीसच होती. मग मला वाटलं, गन बिघडली. मी ती स्वतःच्या मनगटावर धरली. बत्तीस. गन ठीक होती.

दुसऱ्या दिवशी आई कामावरून आली, चहाला आत गेली, आणि मी चौकटीचा कागद घेऊन गाडीत शिरले. सीटचे मनातल्या मनात चार बोटांचे चौकोन पाडले आणि एकेका चौकोनाचा आकडा कागदावर लिहिला. अठ्ठ्याण्णव आकडे झाले. मग तीसच्या वरचे सगळे चौकोन लाल पेन्सिलीनं भरले, आणि कागद हात लांब करून धरला.

दोन मांड्या. रुंद पाठ. डोकं टेकायच्या जागी एक गोल, जरासा खिडकीकडं कललेला. डावा खांदा उजव्यापेक्षा एक चौकोन खाली.

मी तिसरीत असताना जॅक सटकून बाबांचा डावा खांदा निखळला होता. तो पुन्हा कधी सरळ बसला नाही. डगलासुद्धा खिळ्यावर तसाच तिरका लटकतो.

उजव्या हाताचे चौकोन सीटवरून खाली उतरत होते आणि मधली फट ओलांडून चालकाच्या सीटच्या कडेवर थांबत होते. तिथं एक रुंद, भरलेला डाग होता. तळव्याएवढा.

मी कागदाची घडी घालून भूगोलाच्या पुस्तकात ठेवली. कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय? आणि खरं सांगायचं तर मला आधी भीती वाटलीच नाही. मला वाटलं, बसलेत.

५

आमच्या घरात गाडी दुरुस्त बाबा करायचे आणि चालवायची आई. बाबा शेजारी बसून डोळे मिटायचे आणि इंजिन ऐकायचे. आई चिडवायची, "झोपा काढा खुशाल." ते डोळे न उघडता म्हणायचे, "तिसऱ्या सिलिंडरबद्दल विचार करतोय. तू गिअर बदल."

शेवटच्या वर्षी ते आजारी पडले तेव्हा त्यांना फार थंडी वाजायची. दोन स्वेटर, वर डगला, तरी ऊब पुरायची नाही. फक्त गाडीत बरं वाटायचं. म्हणून माझी शाळा सुटली की आई मला घ्यायची आणि आम्ही तिघं नदीकाठच्या रस्त्यानं उगाच फिरून यायचो. हीटर पूर्ण. मी आईच्या मागे बसायचे. तिथून मला बाबांचा गाल दिसायचा, आणि त्यांच्या बाजूची काच. त्या काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ धरायची, नाण्याएवढी, आणि विरायची. पुन्हा धरायची. बाबांचा हात आईच्या सीटच्या कडेवर असायचा. गाडीत ऑइल, गरम धूळ आणि माझ्या डब्याचा वास असायचा. मला आयुष्यात इतकं सुरक्षित पुन्हा कधी वाटलेलं नाही.

त्या दिवशी पूल ओलांडल्यावर वाफ विरली आणि पुन्हा आली नाही.

मी मोजायला लागले. अकरापर्यंत मोजलं आणि थांबले. पुढं मोजलं असतं तर कळलं असतं, म्हणून थांबले. घर अजून सहा किलोमीटर होतं. आई हळू आवाजात त्यांच्याशी बोलत होती, दुकानातल्या कुणा गिऱ्हाइकाची गंमत सांगत होती. मी तोंड उघडलं नाही. घरी पोचल्यावर आई म्हणाली, "उठा, आलं घर."

डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तरी काही करता आलं नसतं. ते हे आईला सांगत होते. मी दाराआडून ऐकत होते.

६

पुढच्या रविवारी काकानं कपाळावर हात मारून घेतला. "हीटर! गाढव आहे मी. बटण बंद आहे, पण आतली झडप गळत असणार. सगळं गरम पाणी हीटरकडं जातंय."

हीटरची जाळी गारच असते, हे मी त्याला सांगू शकले असते. वहीत लिहिलेलं होतं. पण मी नुसतंच डोकं हलवलं.

त्यानं हीटरकडं जाणारा पाइप आणि परत येणारा पाइप, दोन्ही काढून एकमेकांना जोडून टाकले. आता हीटरला पाणीच मिळणार नव्हतं. गाडी सुरू केली. काटा हलला. रेघ सोडली, वर चढला, आणि बरोब्बर मधोमध उभा राहिला.

"वहिनी! म्हातारी तापली!" काका पाना वाजवत नाचला.

आई येऊन चालकाच्या सीटवर बसली. काट्याकडं तिनं बघितलं नाही. शेजारच्या सीटकडं बघितलं. मग डॅशबोर्डवर हात ठेवून म्हणाली, "बरं झालं."

मी गन घेऊन शेजारची सीट तपासली. बावीस. भिंतीइतकी. मी रात्री उशीत तोंड खुपसून रडले, आणि का रडतेय ते आईला सांगता आलं नाही.

७

बुधवारी आई म्हणाली, हातातून स्क्रू निसटतात. चष्म्याचे स्क्रू तिळाएवढे असतात. ते तिच्या हातातून बारा वर्षांत निसटले नव्हते.

गुरुवारी तिनं घरात स्वेटर घातला. शुक्रवारी चहा संपल्यावरही तिचा डावा हात कप सोडेना. मी टेबलाखालून गन धरली. उजवा हात बत्तीस. डावा सव्वीस.

"काय गं, मला काय इंजिन समजलीस?" तिनं मला पकडलं.

"तुला थंडी वाजतेय?"

"वय झालं." मग जरा थांबून ती खालच्या आवाजात म्हणाली, "गाडीत बसलं ना, की बरं वाटतं. हल्ली मी नदीकडून वळसा घालूनच येते. एकटं नाही वाटत."

पुढच्या सोमवारी पंचवीस. बुधवारी चोवीस. शुक्रवारी तेवीस. मी आकडे एकाखाली एक लिहिले. शेजारी सीटचे लिहिले. ते उलटे वर चढत होते, अठ्ठावीस, एकतीस, चौतीस. चालकाच्या सीटच्या कडेवरचा डाग परत आला होता, पहिल्यापेक्षा रुंद. जणू पकड घट्ट झाली होती.

मी मनाला समजावत होते की रक्ताभिसरण असेल. रक्त कमी असेल. माणसाचा हात गार पडायला हजार कारणं असतात. पण गॅरेजची भिंत बावीस होती, आणि आई एकेका आकड्यानं भिंतीकडं चालली होती.

८

शनिवारी पाच वाजता गाडीचा आवाज आला आणि थांबला. आई मात्र आत आली नाही. मी चहाचं पाणी ठेवलं होतं. ते उकळायला लागलं तरी पायऱ्यांवर पाऊल वाजलं नाही.

मी मागच्या दारात गेले. इंजिन बंद होतं. काचा वर होत्या. आई सीटवर मागे डोकं टेकून, डोळे मिटून बसली होती. काहीतरी ऐकत असल्यासारखी. चेहरा इतका शांत होता की हाक मारायला जीव होईना.

मग मी काचा बघितल्या.

आईच्या बाजूची काच स्वच्छ होती. पलीकडच्या, रिकाम्या सीटच्या काचेवर वाफ होती. नाण्याएवढी. ती विरली. पुन्हा धरली.

वाफ कुठल्या काचेवर धरावी हे हवेवर अवलंबून असतं, असा विचार माझ्या मनात आला. खरंच आला. मी मोजायलाही लागले होते. एक, दोन, तीन. सात, आठ. अकरा आला तेव्हा माझं मलाच कळलं, मी काय करतेय.

"आई!"

माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. काका पलीकडच्या ट्रकखालून बाहेर आला. मी दार उघडून आईचा दंड धरून ओढलं. तिचे डोळे उघडले, पण ओळख पटायला वेळ लागला.

"अगं... डोळा लागला," ती म्हणाली. दात वाजत होते.

"काका, हीटरचे पाइप परत जोड."

"आं? आत्ता कुठं काटा—"

"जोड, काका. आत्ताच्या आत्ता."

"मुकीला वाचा फुटली," काका म्हणाला, पण त्याचं हसू अर्ध्यावरच थांबलं. त्यानं आईच्या डाव्या हाताला हात लावून बघितला. उलटा हात, बाबांसारखाच. मग तो ट्रकच्या बाजूला पडलेला स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि बॉनेट उघडलं.

"वहिनी, मग गाडी परत थंड चालेल."

"चालू दे."

"इंजिन झिजेल."

आईनं रिकाम्या सीटकडं बघितलं. "इंजिनच झिजू दे, भाऊजी," ती म्हणाली.

९

आता काटा पुन्हा खालच्या रेघेवर पडून असतो. काका दर दोन महिन्यांनी तेल बदलतो आणि गिऱ्हाइकांना सांगतो की ही गाडी घराण्यातच थंड डोक्याची आहे. आईचा डावा हात एकतीसवर आलाय. स्क्रू निसटत नाहीत. गाडी सुरू केली की ती आधी हीटर पूर्ण सोडते, उकाड्यातसुद्धा, आणि स्वतःच्या बाजूची काच खाली करते. मी त्याबद्दल विचारलं नाही.

काल आई कामावरून आल्यावर मी पुन्हा चौकटीचा कागद घेतला. पाठ तशीच होती, खांदा तसाच. पण चालकाच्या सीटच्या कडेवर काही नव्हतं. तेवीस. मी उजव्या हाताचे चौकोन शोधत राहिले. ते पुढं जात नव्हते. दोन सीटच्या मधून मागे वळत होते.

मागची सीट मी कधी मोजलीच नव्हती.

मी माझ्या नेहमीच्या जागी गेले, आईच्या मागे. सीटच्या कडेवर, जिथं माझा गुडघा येतो, तिथं डाग नव्हता. चार ठिपके होते. छोटे, एका ओळीत. छत्तीस पूर्णांक आठ, चारही.

चार पेरं. उलटा हात.

मी गन खाली ठेवली आणि दार लावून घेतलं. मग हळूच त्या जागी बसले. गुडघ्याला चार ठिकाणी ऊब लागली. ऑइलचा वास आला, गरम धुळीचा आला. बाबांच्या बाजूच्या काचेवर नाण्याएवढी वाफ धरली आणि थांबून राहिली, विरेना. कुणीतरी श्वास रोखून ऐकत असावं तशी.

विचारलं होतं, तर उत्तर द्यायला हवं होतं.

"पुलापासून," मी म्हणाले. "मला पुलापासून माहीत होतं, बाबा. मी बोलले नाही."

बंद गाडीत माझा आवाज मलाच परका वाटला. काचेवरची वाफ विरली. मी मोजायला सुरुवात केली, आणि या वेळी अकराला थांबले नाही.

सतरा म्हणताना गुडघ्यावरचे चार ठिपके हलले. तो हात मागे गेला नाही. तो सावकाश सुलटा झाला, तळवा गुडघ्यावर आला.

मी गुडघा हलवला नाही.